रोप लावून झालं, आता पुढं? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात इंदूरच्या कॉलन्यांमध्ये देशी रोपांवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळींबद्दल थोडं लिहिलं होतं. म्हणजे रोप लावून घरी न जाता दर काही महिन्यांनी तिथंच परत जाऊन ते जगलं का, किती वाढलं, कुणी खाल्लं, हे वहीत लिहून ठेवणारे लोक. अडचणी असतील तर कळवा म्हटलं होतं, आणि भरपूर पत्रं आली. त्यातली सगळ्यांच्या कामाची वाटली ती इथं घेतलीयेत.

प्रश्न : आम्ही आठ-दहा जणी आहोत, बहुतेक निवृत्त. जुलैत कॉलनीच्या बगीच्यात आणि मागच्या नाल्याकाठी ६० देशी रोपं लागली, त्यांची देखरेख आम्ही घेतलीये. पण वहीत नेमकं काय लिहायचं ते कळत नाही, आत्तापर्यंत आम्ही 'छान आहे', 'बरं आहे' असंच लिहितोय.
– एक निवृत्त शिक्षिका, लोकमान्य नगर

उत्तर : काकू, 'छान' लिहू नका, कारण तुमचं छान वेगळं आणि शेजारच्या वहिनींचं वेगळं, आणि पुढच्या वर्षी वही उघडली की त्यातून काहीच कळत नाही. आकडा लिहा. आधी प्रत्येक रोपाला नंबर द्या आणि बगीच्याचा साधा नकाशा काढून त्यावर तो नंबर टाका, गेटपासून किती पावलं, कुठल्या बाकाजवळ, असं. टॅग हरवतात, मुलं काढून नेतात, पण वहीतला नकाशा राहतो.

मग उंची. जमिनीपासून सगळ्यात वरच्या जिवंत कोंबापर्यंत, पान वर ताणून धरायचं नाही. टेपपेक्षा सेंटीमीटरच्या खुणा केलेली काठी बरी पडते, ती रोपाला लावून उभी करता येते आणि फोटोतही येते. उंचीबरोबर खोडाची जाडी पण घ्या, जमिनीच्या जरा वर, दर वेळी त्याच जागी, त्यासाठी ऑइल पेंटचा एक बारीक ठिपका देऊन ठेवायचा. जाडीचा आग्रह यासाठी की नुसती उंची फसवते, भिंतीच्या सावलीतलं रोप उजेडाकडे ताणून उंच होतं आणि खोड मात्र काडीएवढंच राहतं, त्याला पहिल्या वादळात आधार लागतो. उंची कमी वाढली पण बुंधा जाड झाला तर खुशाल आनंद माना, खाली मुळं धरलीयेत.

पुढच्या वेळी उंची आधीपेक्षा कमी भरली तर आकडा 'नीट' करायला जाऊ नका हं. बकरीनं शेंडा खाल्ला असेल, गवत कापणाऱ्या मशीननं उडवला असेल, थंडीत करपला असेल. जे दिसलं ते लिहा आणि शेजारी कारण लिहा.

किती वेळा जायचं? पाणी घालायला रोज गेलात तरी मोजणी वर्षातून चारदा पुरते. लावल्यावर लगेच एकदा, मग ऑक्टोबरमध्ये पाऊस संपल्यावर, मग फेब्रुवारीत थंडी ओसरताना आणि जूनच्या सुरुवातीला, पावसाच्या आधी. जूनची मोजणी कधीच चुकवू नका, कारण आपल्याकडे पाऊस मुख्यतः जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, नंतरचे आठ महिने रोप जवळपास कोरड्यात काढतं, आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. त्यातून काळी माती, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, त्या भेगांमध्ये कोवळी मुळं तुटतात आणि खालची ओलही उडून जाते. माळव्यातल्या रोपाची खरी परीक्षा तिथं असते.

अजून एक. पहिल्या दिवशी दोघीदोघींनी तीच दहा रोपं वेगवेगळी मोजा, एकमेकींना न सांगता, आणि मग आकडे जुळवा. फरक आला तर काठी कुठं टेकवायची यावर तिथंच बोलून घ्या. याला अर्धा तास लागतो आणि पुढची सगळी वही विश्वासाची होते.

प्रश्न : आमच्या प्लॉटमागं पावसात खूप रोपं आपोआप उगवली आहेत. दोन-चार इंचांची असताना कडुनिंब कुठला आणि बाकीचं काय, हे कसं ओळखायचं? गावठी बाभूळ समजून आम्ही जे जपतोय त्याला कुणी सुबाभूळ म्हणतंय.
– एक वाचक, राजेंद्र नगर

उत्तर : दादा, हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय आणि तो महत्त्वाचाच आहे, कारण ओळख चुकली तर माणूस वर्षभर भलत्याच झाडाची सेवा करतो.

पहिली गोष्ट, बी रुजल्यावर जी पहिली दोन जाडसर पानं दिसतात ती बीच्या डाळिंब्या असतात, त्यावरून ठरवू नका, त्यानंतरची खरी पानं येऊ द्या. कडुनिंबाची पहिली खरी पानं समोरासमोर येतात आणि कडा खोल दातेरी असतात. मोठं झाल्यावर जी लांब, दोन्ही बाजूला पर्णिका, म्हणजे छोटी उपपानं, असलेली पानं आपण गुढीला लावतो ती हळूहळू येतात. कडुनिंबाचा घोटाळा होतो बकाणाशी, इथं बकायन म्हणतात तो. रोप हातभर झालं की फरक सोपा आहे, कडुनिंबाच्या पानात मधल्या देठाला सरळ पर्णिका लागतात, बकाणाच्या पानात त्या देठाला आधी फांद्या फुटतात आणि पर्णिका त्या फांद्यांवर असतात.

आता बाभूळ आणि सुबाभूळ. काटे बघा. बाभळीला पानाच्या बुडाशी सरळ, पांढरट काट्यांची जोडी असते, ती रोप लहान असतानाच दिसायला लागते. सुबाभळीला काटाच नसतो. सुबाभूळ मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, चारा आणि जळणासाठी आपल्याकडे खूप लावली गेली आणि आता मोकळ्या प्लॉटवर, रेल्वेलाइनच्या कडेला तिचं रान माजतं, एका झाडाखाली शेकड्यांनी रोपं येतात. तुमच्याकडे गर्दीनं उगवलेली, बिनकाट्याची असतील तर ती बहुधा तीच. शिरीषाचं रोप पण बिनकाट्याचं असतं म्हणून उपटण्याआधी पर्णिका बघा. शिरीषाच्या मोठ्या, टोकाला गोलसर असतात, सुबाभळीच्या बारीक आणि अरुंद.

जांभळाची एक गंमत सांगतो, एका बीतून दोन-तीन रोपं निघू शकतात. एकाच ठिकाणी झुबका दिसला तर वहीत तसं लिहा आणि पुढं सगळ्यात जोमदार एक ठेवा.

आणि एवढं करून शंका राहिलीच तर 'ओळख पटली नाही' लिहून फोटो काढा, पानाची वरची बाजू, खालची बाजू, आणि पान खोडाला कसं जोडलंय ते. दोन महिन्यांनी रोप स्वतःच ओळख देतं. एखाद्या रविवारी राळामंडलला जाऊन या, होळकरांच्या शिकारगाहामुळे ते जंगल शहराच्या एवढं जवळ असूनही टिकलं, तिथं रोप आणि त्याचं मोठं झाड एकाच जागी बघायला मिळतं. पुस्तकातल्या चित्रापेक्षा हे जास्त लक्षात राहतं.

प्रश्न : मे महिन्यात आमची निम्मी रोपं वाळलेली दिसली. ग्रुपमधले म्हणतात मेलेली यादीतून काढून टाकू, उगाच यादी वाईट दिसते. मला ते पटत नाहीये पण काय सांगावं कळत नाही.
– एक गृहिणी, सुदामा नगर

उत्तर : ताई, तुम्हाला पटत नाहीये ते अगदी बरोबर आहे आणि ग्रुपमध्ये हे उत्तर मोठ्यानं वाचून दाखवा. यादीतून एकही नंबर काढायचा नाही. कधीच नाही.

आधी, वाळलं म्हणजे मेलं असं नसतं. अंगठ्याच्या नखानं साल जराशी खरवडा, आधी वर, मग खाली बुंध्याशी. आत हिरवं, ओलसर दिसलं तर ते जिवंत आहे. वर कोरडं आणि खाली हिरवं असेल तर वरचा भाग गेला पण खालून फुटेल. पळस आणि तेंदू तर असेच वाढतात, सुरुवातीची काही वर्षं वरची काडी उन्हाळ्यात वाळते, जमिनीखालचं मूळ जाड होत राहतं, पावसात नवी काडी फुटते, आणि एका वर्षी ती वाळायची थांबते. अशा रोपाला मे महिन्यात मेलेलं ठरवून खड्डा दुसऱ्या रोपासाठी उकरला तर आपणच जिवंत मूळ तोडतो. म्हणून वाळलेल्याला 'वाळलं' लिहायचं, आणि ऑगस्ट संपेपर्यंत फूट आली नाही तरच 'मेलं'. फूट आली तर 'पुन्हा फुटलं'. आणि जागेवर काहीच नसेल तर 'गायब', कारण गायब झालेलं रोप आणि मेलेलं रोप यांची कारणं वेगळी असतात.

खरंच मेलेलं असेल तर ते उपटून मुळं बघा, हे मात्र फार कमी लोक करतात आणि सगळ्यात जास्त शिकायला तिथंच मिळतं. मुळं गोल गोल गुंडाळून काळ्या पॉलिथीनमध्येच अडकलेली दिसली तर थैली न काढता लावलं होतं, ते कितीही पाणी घालून जगणार नव्हतं. मुळं काळी पडून कुजलेली, वास येणारी असतील तर पावसात खड्ड्यात पाणी साचलं. बारीक मुळं खाल्लेली आणि मातीत पांढरी, वाकडी अळी दिसली तर हुमणी. सालीवर मातीचे लेप असतील तर वाळवी. आणि बुंध्याशी साल चहूबाजूंनी सोललेली असेल तर तारेचं गवत कापायचं मशीन, शहरातल्या बगीच्यात हे फार होतं आणि उपाय केवढा सोपा, रोपाभोवती हातभर गोल जागा हातानं खुरपायची आणि मशीनवाल्या दादांना ती दाखवून ठेवायची.

आता तुमच्या यादीतली वीस रोपं मेली आणि त्यातली बारा पाणी साचून मेली असं लिहिलेलं असेल तर पुढच्या वर्षी त्या खोलगट भागात तुम्ही अर्जुन, करंज, जांभूळ लावाल, जे ओल सोसतात, आणि बेल किंवा खैर वरच्या, निचऱ्याच्या जागी. मेलेली यादीतून काढली असती तर पुढच्या जुलैत तीच रोपं त्याच खड्ड्यात गेली असती.

टक्केवारी काढताना पण हेच. समजा ६० लावली, ऑक्टोबरमध्ये ४५ जगली, पुढच्या ऑक्टोबरमध्ये ३३. तर जगण्याचं प्रमाण ६० पैकी ३३, म्हणजे ५५ टक्के. ४५ पैकी ३३ धरून ७३ टक्के सांगणारे लोक भेटतात, त्यांना नम्रपणे विचारायचं की लावली किती होती. आणि मधे नवीन रोपं लावली तर त्यांना नवे नंबर, नवी तारीख. जुन्या नंबरावर नवं रोप बसवलं की सगळी वही खोटी होते.

प्रश्न : टॅग कसा लावायचा? आम्ही खिळा मारणार होतो.
– एक वाचक, वैशाली नगर

उत्तर : खिळा नको, आणि तार आवळून तर अजिबात नको, खोड जाड झालं की ती सालीत रुतते. नंबर लिहिलेली पत्र्याची पट्टी शेजारच्या आधाराच्या काठीला बांधा. काठी नसेल तर सुतळीचा सैल वेढा, आत दोन बोटं जातील एवढा, आणि प्रत्येक मोजणीला तो सैल आहे ना ते बघा. मार्करची शाई उन्हानं उडते म्हणून पट्टीवर खिळ्यानं ठोकून नंबर उमटवायचा.

प्रश्न : शहरात एका दिवसात लाखो झाडं लागतात, तिथं आमच्या ग्रुपच्या चाळीस-पन्नास रोपांच्या नोंदीला काय किंमत? मुलं विचारतात तेव्हा उत्तर देता येत नाही.
– एक बँक कर्मचारी, तिलक नगर

उत्तर : १४ जुलै २०२४ ला इंदूरमध्ये बीएसएफच्या रेवती रेंजवर २४ तासांत ११ लाखांहून जास्त रोपं लागली, गिनीजमध्ये नोंद झाली, त्याआधीचा विक्रम आसामच्या नावावर होता. पहाटेपासून लोक रांगेत होते, शाळेची मुलं, जवान, म्हातारी माणसं. एवढं शहर एका कामासाठी बाहेर पडतं ही इंदूरची ताकद आहे आणि मला तिचं मनापासून कौतुक आहे. पण तो आकडा एवढंच सांगतो की २४ तासांत किती लागली. कुठलं रोप कुठल्या मातीत टिकलं, तिसऱ्या उन्हाळ्यात कोण उभं होतं, हे कळायला कुणीतरी परत परत जाऊन बघावं लागतं, आणि ते काम तुमच्यासारख्यांनाच जमतं कारण तुम्ही तिथंच राहता, सकाळी फिरायला त्याच रस्त्यानं जाता.

चाळीस रोपांची तीन वर्षांची पूर्ण नोंद असेल तर आजूबाजूच्या दहा कॉलन्यांना सांगता येतं की आपल्या मुरमाड भागात आवळा आणि आपटा टिकला, कदंब गेला. हे ज्ञान बाहेरून विकत मिळत नाही.

आणि तुमचा ग्रुप मोठ्या जागेवर जाणार असेल तर सगळी रोपं मोजायच्या भानगडीत पडू नका, थकून सोडून द्याल. आधी घरी बसून ठरवा, दर दहावी ओळ आणि त्यात दर दहावं रोप, मग ते हिरवंगार असो की नुसती काडी, तेच घ्यायचं. तिथं उभं राहून निवडलं की डोळा आपोआप चांगल्या रोपाकडे जातो.

प्रश्न : बगीच्यात कोपऱ्यातल्या झाडांखाली पावसात खूप कोवळी रोपं येतात आणि दोन दिवसांत झाडलोटीत जातात. ती पण मोजायची का? आणि पाचोळा ठेवा म्हटलं की लोक म्हणतात कचरा दिसतो.
– एक वाचिका, रामबाग

उत्तर : मोजायचीच, ताई! लावलेल्या रोपापेक्षा स्वतः उगवलेलं रोप मला जास्त मोलाचं वाटतं. त्यानं जागा स्वतः निवडलेली असते, त्याचं सोटमूळ थैलीत कधी वळलेलं नसतं, सरळ खाली गेलेलं असतं, आणि त्याला पाणी घालायला टँकर लागत नाही. विजेच्या खांबाखाली, तारांखाली कडुनिंबाची रोपं ओळीनं दिसतात ना, ती पक्ष्यांनी निंबोळ्या खाऊन तिथं बसून टाकलेली. निंबोळी पिकते जून-जुलैत आणि तिची रुजायची ताकद थोड्याच आठवड्यांत जाते, म्हणजे पाऊस सुरू होतो त्याच काळात झाडाखालची जागा खरवडून लख्ख केली तर त्या वर्षीचं बी गेलंच.

मोजायला सोपी पद्धत. चार खुंट्या आणि सुतळीनं एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन करा, असे चार-पाच, वेगवेगळ्या झाडांखाली. चौकोनात कुठल्या जातीची किती रोपं ते ऑगस्टमध्ये लिहा, मग ऑक्टोबरमध्ये आणि पुढच्या जूनमध्ये. शेकडो उगवतील आणि जूनमध्ये दोन-तीनच दिसतील, घाबरू नका, निसर्गात असंच असतं, पण ती दोन-तीन कुठं टिकली ते बघण्यासारखं असतं. घाणेरी आणि गाजरगवत मात्र दिसल्याबरोबर, फुलाच्या आधी, हातमोजे घालून काढायचं. भिंतीच्या फटीतला पिंपळ छोटा असतानाच अलगद काढून कुंडीत लावा, मोठा झाला की भिंत जाते आणि मग लोक त्यालाच दोष देतात.

पाचोळ्याचं. २०१७ साली आपलं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, तेव्हापासून झाडलोट आपल्या अंगात भिनलीये आणि ती चांगलीच सवय आहे. रस्त्यावरचा पाचोळा उचला ना, पण झाडाच्या बुंध्याभोवतीचा राहू द्या, काळ्या मातीवर चार बोटं जाड पाचोळा असला की उन्हाळ्यात भेगा कमी पडतात आणि ओल धरून राहते. जास्तीचा असेल त्याचं खत करा. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथं इंदूरला १९२४ पासून १९३१ पर्यंत इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचे प्रमुख होते आणि पालापाचोळा, शेण, माती-राख थरावर थर रचून, पालटून तीनेक महिन्यांत खत करायची त्यांची पद्धत जगभर आपल्या शहराच्याच नावानं ओळखली जाते, इंदूर पद्धत. कॉलनीच्या मीटिंगमध्ये हे सांगा. एका कोपऱ्याला सुतळी बांधून 'इथं रोपं उगवत आहेत, झाडू नका' अशी पाटी हिंदीत लावा आणि झाडणाऱ्या मावशींना स्वतः नेऊन ती रोपं दाखवा. त्यांना कळलं की त्या तुमच्यापेक्षा जास्त जपतात.

प्रश्न : मी सातवीत आहे. आमच्या शाळेच्या भिंतीजवळ चिंच उगवली आहे. बाई म्हणाल्या चिंच देशी नाही. मग मी तिची नोंद करू का नको? मला उपटायची नाहीये.
– इयत्ता सातवी, इंदूर

उत्तर : उपटू नकोस अजिबात. बाई बरोबर आहेत, चिंच मूळची आफ्रिकेतली, पण ती आपल्याकडे इतक्या जुन्या काळापासून आहे की पक्षी, माकडं, माणसं सगळ्यांच्या सवयीची झालीये, आणि ती सुबाभळीसारखी रान माजवत नाही. नोंद नक्की कर. वहीत एक रकाना कर, 'मूळची कुठली', तिथं आफ्रिका लिही, आणि दुसरा रकाना, 'कशी आली', तिथं लावलेली की आपोआप उगवलेली ते लिही. भिंतीपासून किती दूर आहे ते पण मोज, कारण चिंच मोठी होते आणि अगदी चिकटून असेल तर पुढच्या पावसात मातीच्या गोळ्यासकट हलवावी लागेल.

शाळेत मोठं झाड असेल तर बाईंना सीझनवॉचबद्दल सांग. देशभरातली शाळकरी मुलं एकेक झाड निवडून आठवड्यातून एकदा त्याला कोवळी पानं, फुलं, फळं आलीत का ते तिथं नोंदवतात. तुझ्या चिंचेची आजची उंची, किती पानं आहेत आणि तारीख, एवढं आम्हाला लिहून पाठव, पुढच्या अंकात छापतो, आणि जूनमध्ये परत मोजलीस की तो आकडा पण पाठव.